मान धरली तर पहिले चार दिवस काय करावं

सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळेना, की बहुतेक वेळा दोष मणक्याचा नसतो. मानेच्या वरच्या मणक्यांपासून खांद्यामागच्या त्रिकोणी हाडापर्यंत उतरणारा स्नायू ओढला गेलेला असतो. त्या हाडाच्या वरच्या, पाठकण्याकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून पाहा: दोरीसारखा ताठ पट्टा लागतो आणि कळ मानेत चढते.

मात्र दुखणं पडल्या-धडकल्यानंतरचं असेल, सोबत ताप आणि जबर डोकेदुखी असेल, हाताला मुंग्या किंवा कमजोरी असेल, छातीत दाब असेल, तर घरगुती उपाय सोडून थेट दवाखाना गाठा.

पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर गरम पाण्याची पिशवी, तीही टॉवेलमधून. मान अगदी स्थिर ठेवू नका. न दुखता जेवढी वळते तेवढीच, दर तासाला पाच-पाच वेळा हलवा. गळ्याला कॉलर लावून बसलं की ताठरपणा वाढतो. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका.

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणं मात्र कधीच नको. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते. क्वचितच घडतं, पण त्यातून पक्षाघात होऊ शकतो.

तिसऱ्या दिवसापासून ताण द्या. खुर्चीत बसून दुखऱ्या बाजूच्या हाताने बैठक धरा, मान विरुद्ध बाजूला 45 अंश वळवा आणि हनुवटी काखेकडे झुकवा. 20 सेकंद, तीनदा. ओढ जाणवावी, कळ नको. कळ आली तर एक दिवस थांबा.

डोकं साधारण 5 किलोचं. हिंजवडीच्या आयटी ऑफिसात दिवसभर लॅपटॉपवर वाकलं की ते वजन मानेच्या मागच्या स्नायूंवर येतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. त्यासाठी वेगळा कीबोर्ड लागतोच.

आणि मान दोन्हीकडे पूर्ण वळेपर्यंत दुचाकी घरीच ठेवा. आरशात न दिसणारी, मागून कडेने घुसणारी गाडी खांद्यावरून वळून पाहिल्याशिवाय कळत नाही. तेवढे दिवस पीएमपीची बस, मेट्रो किंवा रिक्षा.