मासिकाने परत पाठवलेला फोटो शेवटी छापून आला

खंड्याचा फोटो मासिकाने परत पाठवला, म्हणे फाइल छोटी आहे. स्क्रीनवर तर एकदम कडक दिसत होता! पण छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे ए4 पानभर फोटोला साधारण 2480 बाय 3508, आणि हा क्रॉप होऊन होऊन (कडा कापत कापत) 1600 पिक्सेलवर आलेला. मग रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, न दाबलेली फाइल) परत उघडली, क्रॉप सैल ठेवला, एक्स्पोजर (उजेड) नि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तेवढं नीट केलं, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका उडवला. चोचीमागची काडी जाम खुपत होती पण तिला हात नाही लावला, कारण निसर्गाच्या फोटोत वस्तू काढणं-घालणं बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि कितीतरी जण मूळ रॉ मागतात (मागायलाच पाहिजे खरं तर). शार्पनिंग (कडा ठसठशीत करणं) शेवटी, जेपेग फुल क्वालिटीत, आणि ईमेलनेच, व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की दाबला जातो. या वेळी घेतला त्यांनी, अर्ध्या पानावर.