फोन चालू होत नाही? डेटा गेला असं लगेच समजू नका

आधी दुसऱ्या फोनवरून कॉल लावून बघा. रिंग वाजली किंवा व्हायब्रेट झाला तर फोन जिवंत आहे, बहुतेक वेळा फक्त डिस्प्ले गेलेला असतो, आणि मग डिस्प्ले बदलला की सगळं जसंच्या तसं मिळतं. काहीच हालचाल नसेल तर चांगल्या चार्जरला अर्धा-एक तास लावून ठेवा, मग पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन एकत्र १५-२० सेकंद दाबून धरा (आयफोन ८ आणि पुढच्यांना व्हॉल्यूम अप, व्हॉल्यूम डाऊन एकेकदा दाबून सोडायचं आणि मग साईड बटन धरून ठेवायचं). पाण्यात पडला असेल तर मात्र चार्जिंगला अजिबात लावू नका, आणि ते तांदळाच्या डब्यात ठेवणं पण सोडा, त्याने आतलं गंजणं थांबत नाही.

तरी नाही झाला तर रिपेअरवाल्याला पहिलंच वाक्य हे सांगा की मला डेटा हवाय, बोर्ड (फोनच्या आतली मुख्य सर्किट प्लेट) बदलू नका आणि रिसेट मारू नका. कारण फोटो-बिटो सगळे बोर्डवरच्या चिपमध्ये असतात आणि हल्लीच्या फोनमध्ये ते एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतात, चावी त्याच बोर्डच्या प्रोसेसरशी बांधलेली, त्यामुळे नुसती मेमरी चिप काढून दुसरीकडे लावली तर हाती कचराच येतो. तोच बोर्ड थोडा वेळ तरी चालू व्हायला लागतो, आणि तुमचा पिन पण लागतो, तो विसरू नका म्हणजे झालं. कम्प्युटरवरचे 'डेड फोन रिकव्हरी' सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, बंद फोन त्यांना दिसतच नाही.

आणि हो, खर्च करायच्या आधी गुगल फोटोज, आयक्लाऊड, व्हॉट्सॲपचा बॅकअप बघा, मेमरी कार्ड असेल तर तेही काढून बघा.