मिनेसोटाच्या थंडीत कोंबड्या पाळताना

पहिल्यांदाच पाळताय? मग तीन-चारच घ्या. एकटी कोंबडी झुरते. आधी गावचा नियम बघा, बऱ्याच ठिकाणी कोंबडा चालत नाही. जात वायंडॉट किंवा कॅनडातली शान्तक्लेर घ्या. त्यांचा तुरा बसका असतो, सहसा गारठत नाही. लेगहॉर्न अंडी भरपूर देते, पण तिच्या उंच तुऱ्याची टोकं उणे 25 सेल्सिअसला काळी पडतात.

खुराडं मात्र, कृपा करून, गच्च बंद करू नका! कोरडी थंडी कोंबडी सोसते, दमट हवा नाही. रात्रभरचा श्वास आणि शिटेचा ओलावा तुऱ्यावरच गोठतो. छपरालगत झरोके ठेवा; दांडीवर थेट वारा नको. सकाळी काचेला आतून पाणी सुटलेलं दिसलं, तर झरोके कमी पडतायत. दांडी चपटी, चांगली साडेतीन इंच रुंद हवी, म्हणजे बसल्यावर बोटं पिसांखाली झाकली जातात.

हीट लॅम्पच्या मी विरोधात आहे. भुसा पेटायला वेळ लागत नाही. पाणी गोठू नये म्हणून विजेचं भांडं आणा. (आई फोनवर म्हणते, “लाडच आहेत!”) डिसेंबरात अंडी घटतात ती दिवस लहान झाल्यामुळे. घातलेली लगेच उचला, नाहीतर गोठून तडकतात.