धक्क्याच्या खांबांवर चढलेलं रेझिन

एचओ मापाच्या (मॉडेल रेल्वेचं 1:87 प्रमाण) बंदरदृश्यात पाण्यासाठी ओतलेलं रेझिन (ओतल्यावर कडक होणारं पारदर्शक द्रव प्लास्टिक) लाकडी खांबांवर 1-2 मिमी चढतं आणि चकचकीत कडा उरते. खरवडू नका, खांबाचा रंगही निघतो. रेझिन पूर्ण कडक झाल्यावर कडेवर मॅट वार्निशचा पातळ हात दिला, वरून कोरड्या ब्रशने शेवाळी रंग टेकवला. कडा दिसेनाशी झाली.

खांबांवरचा भरतीचा पट्टा मात्र ओतण्याआधीच रंगवावा. बॉस्टनला भरती-ओहोटीत साधारण 3 मीटर फरक, म्हणजे मॉडेलवर 34 मिमी: वर काळपट, मध्ये बार्नॅकलचा (खांबांना चिकटणारे कवचधारी समुद्री जीव) मळकट पांढरा, तळाला तपकिरी-हिरवा. अर्धी भरती दाखवायची तर खालचा निम्मा पट्टा पाण्यात जाणारच.

लाटांसाठी ग्लॉस जेल मीडियम (अॅक्रिलिक रंगांसोबत वापरायची घट्ट, चकचकीत जेल) ब्रशने थोपटा. ओलं असताना दुधाळ दिसतं. जाड थापलं तर दुधाळच राहतं.