मसाई मारा सफारी: या चुका टाळा

केनियाचं ठरलं की सगळे तिकीट आणि ईटीएच्या (केनियात शिरायची ऑनलाइन परवानगी) मागे लागतात आणि यलो फीवरची लस शेवटच्या आठवड्यात आठवते. ही पहिली चूक. लस घेतल्यावर 10 दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, आणि भारतात परत उतरल्यावरसुद्धा ते तपासतात, नसेल तर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाईन होऊ शकतं. महिनाभर आधीच सरकारमान्य सेंटरची अपॉइंटमेंट घ्या. लस एकदा घेतली की आयुष्यभर चालते, कार्ड जपून ठेवा बस.

आता सगळ्यात मोठी चूक. 6 दिवसांत मसाई मारा, नाकुरू, अंबोसेली ही तिन्ही जंगलं कोंबायची. नकाशावर जवळ वाटतं पण नैरोबीहून नारोकमार्गे माराला पोचायलाच 5-6 तास जातात आणि मारा ते अंबोसेली म्हणजे अख्खा दिवस गाडीत. आम्ही पहिल्या वेळी हेच केलं, आईबाबा रोज दमून लॉजवर पोचायचे आणि पहाटेच्या सफारीला उठवत नव्हतं त्यांना, मला अजून वाईट वाटतं त्याचं. दोनच ठिकाणं घ्या, मारात किमान तीन रात्री काढा.

तिकिटाचं गणित पण आधी समजून घ्या. माराचं तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं, परदेशी मोठ्या माणसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200. लॉज गेटच्या बाहेर असेल आणि दुपारी 4 ला पोचून "एक चक्कर मारून येऊ" म्हणालात तर दोन तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे गेले. त्यापेक्षा त्या दिवशी आराम करा, दुसऱ्या दिवशी डबा बांधून घ्या आणि दिवसभर आतच रहा. ताडोबासारखी सकाळ-दुपार अशी शिफ्ट नसते तिथे.

क्रॉसिंग, म्हणजे कळपांचं नदी ओलांडणं, दिसत नाहीये? साधारण जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) कळप मारात असतात, पण नदी कधी ओलांडतील ते कोणीच सांगू शकत नाही. तासन् तास काठावर उभे राहतात आणि मागे फिरतात. अशा वेळी ड्रायव्हरदादांना "अजून पुढे घ्या ना" म्हणू नका प्लीज, गाड्यांनी उतरायची वाट अडवली की कळप बिचकतो, पुढचे मागे वळतात, मागचे रेटत असतात, आणि त्या गर्दीत पिल्लं आईपासून तुटतात. लांब थांबा, पाणी प्या, वाट बघा.

प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, केनियात 2017 पासून बंदी आहे आणि पार्कात एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. आफ्रिका म्हणून फक्त कॉटनचे कपडे नेऊ नका, मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या टपाच्या गाडीत जॅकेट लागतंच.

फोटो हलतायत? आधी इंजिन बंद करायला सांगा. कॅमेरा टेकवायच्या बीनबॅगचं (छोट्या उशीचं) रिकामं कव्हर इथून न्या आणि तिथे तांदूळ भरा, टपाच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवली की निम्मा प्रॉब्लेम तिथेच संपतो, आणि तेवढा वेळ गाडीत कोणी हलू नका.