डेबियनची इमेज बनवताना या चुका टाळा

डेबियन या लिनक्स प्रणालीची इमेज (ॲपसकट तयार केलेली सिस्टिमची प्रत) बनवताना सोर्सेस लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत, 'स्टेबल' लिहू नका. माझी कळकळीची विनंती आहे. स्टेबल हे आवृत्तीचं नाव नाही, नवी आवृत्ती आली की ते तिच्याकडे वळतं.

८ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. आमची इमेज व्यवस्थित बिल्ड झाली. सोमवारी तीच स्क्रिप्ट चालवली, गिटमध्ये एका ओळीचाही बदल नाही, इमेज बूटही झाली, पण ॲप काही सुरू होईना. ॲपचे मॉड्यूल पायथन ३.११ साठी कंपाइल केलेले, आणि इमेजमध्ये ३.१३! अर्धा दिवस आम्ही आमचाच कोड तपासत बसलो. मग बिल्डचा लॉग वरपासून वाचला, तेव्हा कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१ ऐवजी ६.१२ दिसला. शनिवारी, ९ तारखेला, डेबियन १३ ट्रिक्सी आलं होतं. मूळ सिस्टिम उभी करणाऱ्या डीबूटस्ट्रॅपला आम्ही 'बुकवर्म' (डेबियन १२) सांगितलं होतं, पण सोर्सेस लिस्टमध्ये 'स्टेबल' राहिलं होतं. पाया एका आवृत्तीचा, वरचे मजले दुसरीचे.

तेव्हापासून मी सगळीकडे आवृत्तीचं नावच लिहितो. ग्राहकाकडे जाणारी इमेज असेल तर डेबियनच्या स्नॅपशॉट सर्व्हरवरची (तिथे जुन्या तारखांची पॅकेजेस जपलेली असतात) ठरावीक तारीख. जुन्या तारखेचा सिक्युरिटी रेपो (पॅकेजेसचं भांडार) मुदत संपली म्हणून ॲप्ट, म्हणजे पॅकेजेस बसवणारं साधन, नाकारतं. तेव्हा मुदतीची तपासणी फक्त त्या एका सोर्सपुरती बंद करायची.

दुसरं दुखणं डॉकरफाईलचं, म्हणजे डॉकर इमेज कशी बनवायची त्या सूचनांच्या फाईलचं. एका रन सूचनेत अपडेट (पॅकेजेसच्या याद्या आणणं), पुढच्यात इन्स्टॉल. प्रत्येक रनचा एक लेयर (थर) बनतो. डॉकर पहिला लेयर कॅशमधून उचलतो, याद्या महिन्याभरापूर्वीच्या, ते पॅकेज मिररवरून (डाउनलोडच्या सर्व्हरवरून) कधीच गेलेलं, म्हणून ४०४, म्हणजे 'फाईल सापडत नाही'. नवी मुलं लगेच नो-कॅश (कॅश वापरूच नको) लावून मोकळी होतात, आणि मग प्रत्येक बिल्डला सगळं पुन्हा डाउनलोड. हा उपाय मला मुळीच पटत नाही. अपडेट आणि इन्स्टॉल एकाच रनमध्ये लिहा, याद्याही तिथेच पुसा. पुढच्या लेयरमध्ये पुसून इमेज एक केबीनेही कमी होत नाही.

बिल्डकिटचा (डॉकरच्या बिल्ड इंजिनचा) कॅश माउंट, म्हणजे डाउनलोड पुढच्या बिल्डसाठी जपणारा फोल्डर, लावूनही रिकामाच राहतो? अधिकृत डेबियन इमेजमधली डॉकर-क्लीन नावाची फाईल इन्स्टॉलनंतर डेब फाईली (डाउनलोड केलेली पॅकेजेस) पुसते. आधी ती काढा.

रेपोची सही तपासायची किल्ली (की) चुकली म्हणून 'ट्रस्टेड=येस' (न तपासता विश्वास ठेव) टाकू नका. योग्य किल्ली आणून साइन्ड-बाय (कोणती किल्ली वापरायची ते सांगणारी नोंद) लिहायला पाच मिनिटं लागतात.

ॲप्ट-कॅशर-एनजी (डाउनलोड केलेली पॅकेजेस जपणारा प्रॉक्सी) मी रोज वापरतो, पण त्याच्या ३१४२ पोर्टची प्रॉक्सीची ओळ इमेजमध्ये राहिली की ग्राहकाच्या मशीनवर अपडेट होत नाही. इमेज बंद करण्यापूर्वी मी एटीसी-ॲप्टमध्ये (ॲप्टच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये) 'प्रॉक्सी' शब्द ग्रेपने शोधतो, सापडला तर बिल्ड तिथेच थांबवतो.