कायद्याचं जर्नल काढताय? मग या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर त्या रात्री आम्ही सहा जण प्रूफं वाचत बसलो होतो. सकाळी अंक छापखान्यात द्यायचा होता. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने पान पुढे केलं. "दादा, हे सुप्रीम कोर्टाचं म्हणणं कसं? कोर्टाने तर नेमकं उलटं म्हटलं होतं ना?"

लेखात १९७६ चा एडीएम जबलपूरचा निवाडा होता. आणीबाणीत जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात दाद मागता येणार नाही, असं चार न्यायाधीशांनी ठरवलं आणि न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. लेखकाने उतारा घेतला होता खन्नांचा, आणि वर लिहिलं होतं, 'सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे'. तो लेख दोन संपादकांनी आणि मी तपासला होता. साल, खंड, पान, स्वल्पविराम, सगळं बघितलं होतं. निवाडा मात्र तिघांपैकी एकानेही उघडला नव्हता.

विद्यार्थ्यांच्या जर्नलमधली मला सगळ्यात सलणारी चूक हीच आहे. फुटनोट नीट मांडली आहे का, एवढंच आपण पाहतो. ती खरी आहे का, हे पाहायचं राहून जातं. उतारा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या लेखातून उचललेला असतो, किंवा हेडनोटमधून, म्हणजे निवाड्याच्या वर छापलेल्या सारांशातून. हेडनोट निवाडे छापणाऱ्या मालिकेचा, म्हणजे रिपोर्टरचा, संपादक लिहितो, न्यायाधीश नाही. ती कोर्टाच्या तोंडी घालू नका.

त्यानंतर आम्ही एक साधी शीट केली. प्रत्येक फुटनोटसमोर तपासणाऱ्याचं नाव, स्वतः वाचलेल्या परिच्छेदाचा क्रमांक, मत बहुमताचं की अल्पमताचं, आणि निवाडा आजही टिकून आहे का. एडीएम जबलपूर टिकलेला नाही. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो चुकीचा ठरवला. रकाना रिकामा असेल तर लेख पुढे जात नाही, मग लेखक कितीही मोठा असो.

एआयने दिलेल्या सायटेशनला, म्हणजे निवाड्यांच्या संदर्भांना, तर ही शीट हवीच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड बसला. ते निवाडे दिसायला अगदी खऱ्यासारखे होते.

जुनी कलमं, नवी कलमं

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतर आलेल्या एका लेखात आमच्या एका संपादकाने 'फाइंड अँड रिप्लेस' मारून जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) ४२० च्या जागी सगळीकडे संहितेचं ३१८(४) घातलं. पण खटला होता २०१९ मधल्या फसवणुकीचा, आणि त्या तारखेआधीच्या गुन्ह्याला भादंविच लागते. राजद्रोहाचं जुनं १२४ अ आणि त्याच्या जागी आलेलं नवं १५२ यांची भाषाही एकच नाही. ही कलमं हातानेच तपासावी लागतात.

आकड्यांत लपलेला जिल्हा

सार्वजनिक धोरणावरचे लेख इथे घसरतात, आणि बडोदेकरांनी तर जास्तच जपायला हवं. २०११ च्या जनगणनेतला वडोदरा जिल्हा आणि आजचा वडोदरा जिल्हा एक नाहीत. २०१३ मध्ये छोटा उदेपूर वेगळा झाला. तो बराचसा आदिवासी भाग यादीतून निघाला, की साक्षरतेपासून शाळागळतीपर्यंत उरलेल्या जिल्ह्याची सरासरी आपोआप बदलते. आमच्याकडच्या एका लेखकाने त्या फरकाचं श्रेय थेट एका योजनेला दिलं होतं. दोन आकड्यांची तुलना दिसली की आधी विचारा, सीमा त्याच आहेत का? नसतील तर तालुकावार आकडे घेऊन बेरीज पुन्हा करायला सांगा.

सयाजीराव महाराजांबद्दलही असंच होतं. '१८९३ मध्ये संस्थानात सक्तीचं शिक्षण' असं सर्रास लिहिलं जातं. १८९३ मध्ये तो प्रयोग अमरेलीत सुरू झाला, आणि सगळ्या संस्थानात सक्ती आली १९०६ मध्ये. मधली तेरा वर्षं गाळली, की धोरण कसं वाढत जातं हेच वाचकाला दिसत नाही. शिक्षणाचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम २१ अ चंही तेच. घटनादुरुस्ती २००२ ची, अंमल १ एप्रिल २०१० पासून.

साम्याचा टक्का

चोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इतर मजकुराशी २८ टक्के साम्य आलं म्हणून एक चांगला लेख आम्ही परत पाठवणार होतो. रिपोर्ट उघडला, तर रंगलेला बहुतेक मजकूर म्हणजे कायद्याची कलमं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही हे सगळ्यांना पाठ असतं. कायद्यांचा मजकूर आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्या मोजणीतून वगळायची असतात, हे कुणी वाचत नाही. उलट, सहा टक्क्यांच्या लेखातही एक अख्खा परिच्छेद चोरलेला सापडू शकतो. म्हणून टक्का बघून थांबू नका.

लेखक कोण हे समीक्षकाला कळू नये, म्हणून फाइल पाठवताना लेखकाचं नाव फक्त पहिल्या पानावरून काढून भागत नाही. वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये, ट्रॅक चेंजेसमध्ये आणि 'माझ्या आधीच्या लेखात' अशा फुटनोटमध्येही ते असतं.

जर्नलचा ईमेल कुणा एकाच्या खासगी फोन नंबरवर ठेवू नका. तो विद्यार्थी पास होऊन गेला की जर्नलची दारं बंद होतात. आणि नव्या मंडळाला हौस आली म्हणून नाव बदलू नका. नावात मोठा बदल झाला तर आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, नवा घ्यावा लागतो.

एवढं करूनही चूक छापून गेली, तर पीडीएफ गुपचूप बदलू नका. ज्यांनी आधीची प्रत डाउनलोड केली, त्यांच्याकडे चुकीचंच राहतं. तारीख घालून पहिल्या पानावर दुरुस्तीची ओळ द्या, पुढच्या अंकात तीच छापा, आणि लेखकाला त्याच दिवशी फोन करा.